आरव्हीने अमेरिका ओलांडताना : मुक्कामासाठी स्टेट पार्क

धागाकर्ता : पूर्वकिनारा (न्यू जर्सी)

न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियापर्यंत आरव्हीने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, जाण्याचा बेत आखणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत बहुधा तीच नावे असतात : यलोस्टोन, ग्रँड टीटन, झायन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी. ती ठिकाणे पाहावीत याबद्दल दुमत नाही. परंतु राहायचे गाडीतच असेल, तर रात्रीचा मुक्काम कोठे पडतो यावर प्रवासाचे सुख अधिक अवलंबून असते, आणि त्या बाबतीत राज्यांच्या ताब्यातील उद्याने, म्हणजे स्टेट पार्क, अधिक सोयीची आहेत असे माझे अनुभवांती मत झाले आहे. ज्यांचा प्रवास ठरतो आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांनी तो केला आहे त्यांच्या सूचना एकत्र याव्यात यासाठी हा धागा काढत आहे.

राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये वीज आणि पाणी थेट गाडीपर्यंत येत नाही. यलोस्टोनसारख्या अवाढव्य उद्यानातही वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिज येथे मिळतात, आणि तो भाग ग्रिझली अस्वलांचा असल्यामुळे तेथे कापडी भिंती असलेल्या वाहनांना मुक्कामाची परवानगी नाही. याउलट ओहायो, इंडियाना, मिनेसोटा, साउथ डकोटा या राज्यांच्या उद्यानांत निदान विजेची जोडणी असलेल्या जागा मुबलक आहेत, गरम पाण्याची स्नानगृहे असतात, आणि निघताना सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्यासाठी डंप स्टेशन असते. महामार्गालगतच्या खाजगी आरव्ही पार्कमध्ये याहून अधिक सोयी मिळतात हे खरे. पण तेथे शेजाऱ्याची गाडी अनेकदा हाताच्या अंतरावर असते. स्टेट पार्कमध्ये दोन जागांच्या मध्ये झाडी असते, चुलीसाठी लोखंडी कडे असते, लाकडी टेबल असते आणि पायवाट तेथूनच सुरू होते.

या उद्यानांचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे, कारण आजच्या जागांची मापे त्यातून आलेली आहेत. १८६४ साली लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे आणि मॅरिपोसा येथील महावृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली, तेव्हा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान होण्यास आठ वर्षे अवकाश होता. १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने नायगारा धबधब्याभोवतीची जमीन राखून ठेवली. १८९१ साली मिनेसोटाने इटास्का सरोवराचा परिसर राखला. मिसिसिपी नदी तेथे उगम पावते आणि उगमाशी मांडलेल्या दगडांवरून लहान मुलेही ती पायी ओलांडतात. मात्र आपण आज जी उद्याने वापरतो, त्यांतील कितीतरी रस्ते, दगडी भिंती, निवारे आणि पूल हे १९३३ ते १९४२ या काळात, महामंदीत बेकार झालेल्या तरुणांना काम देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी उभारलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोरच्या हातचे आहेत. त्या काळातील आखणी तंबूंसाठी आणि आखूड ट्रेलरसाठी झालेली होती. त्यामुळे जुन्या कॅम्पग्राउंडमधील वळणे अरुंद, फांद्या खाली आलेल्या आणि जागा लहान असतात. चाळीस फुटी बसवजा क्लास ए गाडी तेथे शिरत नाही; चोवीस-पंचवीस फुटांची, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली क्लास सी गाडी बहुतेक ठिकाणी व्यवस्थित मावते. म्हणून गाडी भाड्याने घेताना मोठीचा मोह टाळावा, आणि आरक्षणाच्या पानावर प्रत्येक जागेपुढे लिहिलेली कमाल लांबी काळजीपूर्वक वाचावी.

मार्गाबद्दल माझी पसंती उत्तरेकडच्या वाटेला आहे. ओहायोत लेक ईरीच्या काठावरील ईस्ट हार्बर किंवा मॉमी बे, त्यानंतर इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क, जेथील वाळूच्या टेकडीवरून हवा स्वच्छ असताना सरोवरापलीकडे शिकागोच्या इमारती दिसतात. इंटरस्टेट ९० ने पुढे गेल्यावर मिनेसोटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्लू माउंड्स लागते. तेथे गुलाबी क्वार्टझाइट खडकाचा कडा आणि गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनांचा कळप असे दोन्ही पाहावयास मिळते, आणि जेथून प्रेअरीचा, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशाचा, खरा विस्तार डोळ्यांत भरू लागतो ते हे ठिकाण आहे. तेथून साउथ डकोटा.

साउथ डकोटातील कस्टर स्टेट पार्कसाठी मात्र हातचे दिवस राखून ठेवावेत. सुमारे ७१,००० एकरांचे हे उद्यान १९१९ साली स्टेट पार्क झाले. त्यामागे पीटर नॉरबेक या राज्यपालाची, आणि पुढे सेनेटरची, चिकाटी होती. ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून जाणाऱ्या नीडल्स हायवेची आखणी त्यांनी पायी आणि घोड्यावरून हिंडून केली, आणि तो रस्ता १९२२ साली पूर्ण झाला. अठरा मैलांच्या वाइल्डलाइफ लूप रस्त्यावर सकाळी लवकर निघावे. हजाराहून अधिक बायसनांचा कळप कधी रस्त्यावरच येऊन उभा राहतो, आणि अशा वेळी इंजिन बंद करून, काचा वर करून, ते जाईपर्यंत थांबणे हाच एक मार्ग असतो. बायसन दिसायला संथ असला तरी माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो. वडीलधाऱ्यांना आणि मुलांना हे आधीच बजावून ठेवावे. गेम लॉज कॅम्पग्राउंडमध्ये विजेच्या जोडणीच्या जागा आहेत. नीडल्स हायवेवर आरव्ही नेण्याचा विचारही करू नये, कारण तेथील नीडल्स आय बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आणि ९ फूट ९ इंच उंच आहे, आणि भाड्याची क्लास सी गाडी दोन्ही मापांनी त्याहून मोठी असते. गाडी कॅम्पग्राउंडवर उभी ठेवून जवळच्या गावातून एक दिवसासाठी लहान मोटार भाड्याने घेणे हा खर्च सार्थकी लागतो.

अंतराबाबत आरव्हीवाल्यांत तीन-तीन-तीनचा नियम रूढ आहे : दिवसाला तीनशे मैलांपेक्षा अधिक नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोहोचावे, आणि एका ठिकाणी तीन दिवस राहावे. सुट्टी मर्यादित असलेल्या नोकरदारांना शेवटचा भाग प्रत्येक ठिकाणी जमणार नाही, परंतु पहिले दोन भाग मी काटेकोरपणे पाळावेत असेच म्हणेन. परक्या जागी अंधारात गाडी मागे घेऊन झाडांमध्ये लावणे हे नवख्या माणसाचे काम नाही.

प्रतिसाद : शिवारवाट (मिशिगन)

धागा अत्यंत उपयुक्त आहे. आरक्षणाबद्दल थोडी भर घालतो, कारण बहुतेकांची गाडी तेथेच अडते.

प्रत्येक राज्याचे आरक्षणाचे संकेतस्थळ आणि नियम वेगळे असतात. मिशिगन आणि कॅलिफोर्निया सहा महिने आधी आरक्षण उघडतात. कस्टर स्टेट पार्कचे आरक्षण वर्षभर आधी उघडते, तर साउथ डकोटाच्याच इतर उद्यानांचे केवळ नव्वद दिवस आधी, त्यामुळे एकाच राज्यातील दोन मुक्कामांसाठी दोन वेगळ्या तारखा टिपून ठेवाव्या लागतात. फ्लोरिडात २०२४ पासून राज्यातील रहिवाशांना अकरा महिने आधी आणि इतरांना दहा महिने आधी आरक्षण करता येते. याचा अर्थ हिवाळ्यातील समुद्रकिनाऱ्यालगतच्या जागा बाहेरच्यांपर्यंत फारशा उरत नाहीत. शुक्रवार-शनिवारच्या जागा सर्वांत आधी जातात. म्हणून आपला मार्ग असा आखावा की लोकप्रिय उद्यानांत रविवार ते गुरुवार मुक्काम पडेल, आणि शनिवार-रविवार एखाद्या कमी प्रसिद्ध उद्यानात किंवा आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्सच्या (अमेरिकी लष्कराचा अभियंता विभाग) धरणांलगतच्या कॅम्पग्राउंडमध्ये काढता येईल. ही धरणांवरील कॅम्पग्राउंड फार नीटनेटकी असतात आणि आपल्या लोकांना त्यांची माहिती कमी आहे.

प्रवेशशुल्काचाही विचार करावा. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास स्टेट पार्कमध्ये चालत नाही. ओहायो आणि इलिनॉय येथे प्रवेश विनामूल्य आहे. मिशिगन, इंडियाना, साउथ डकोटा येथे मुक्कामाच्या भाड्याशिवाय वाहनाचे शुल्क पडते, आणि परराज्यातील वाहनाला ते अनेकदा अधिक असते.

प्रतिसाद : तुळशीकट्टा (कनेक्टिकट)

पुण्याहून सासूबाई आणि सासरे येत आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडलेली आहे. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे आणि दोघांनाही रोजचे साधे, घरचे जेवण लागते. अशा परिस्थितीत आरव्ही त्यांना झेपेल का, आणि स्वयंपाकाचे कसे करावे, याबद्दल कोणी अनुभवाने सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद : पूर्वकिनारा (धागाकर्ता)

तुळशीकट्टा, माझे आईवडील बरोबर होते, त्यामुळे हे अनुभवाने लिहितो. ज्येष्ठांसाठी आरव्हीचा सर्वांत मोठा आधार म्हणजे स्वतःचे स्वच्छतागृह कायम बरोबर असणे. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला मोटारीच्या लांब प्रवासात जी कुचंबणा सोसावी लागते, ती येथे होत नाही. मात्र गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा बांधून बसलेच पाहिजे. धावत्या गाडीत उठून चालणे धोक्याचे आहे, म्हणून विनंती होताच थांबण्याची तयारी चालकाने ठेवावी.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी पाहा. चालकाच्या डोक्यावरचा पलंग शिडीने चढावा लागतो, तो मुलांना द्यावा. मागच्या बाजूचा कायमचा पलंग ज्येष्ठांना द्यावा. दाराच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, तेव्हा खाली ठेवण्यासाठी एक रुंद, भक्कम चौरंगासारखी पायरी विकत घ्यावी आणि दाराशी धरायला दांडा आहे ना, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहावे. आरक्षण करताना अपंगांसाठी राखीव नसलेली, पण स्नानगृहाजवळची सपाट जागा निवडता येते. नकाशावर ती दिसते.

जेवणाची काळजी करू नये. गॅसच्या शेगडीवर कुकर उत्तम चालतो. पिठले-भात, मुगाची खिचडी, मेतकूट, भाजणीचे थालीपीठ, दडपे पोहे हे सर्व आमच्याकडे होत असे. फोडणी मात्र शक्यतो बाहेर, टेबलावर ठेवलेल्या लहान शेगडीवर करावी, कारण गाडीतील धुराचा गजर फार संवेदनशील असतो, आणि तो बंद करून ठेवणे हा मार्ग कधीही पत्करू नये. भाजणी, गोडा मसाला, डाळी आणि ताकासाठी लागणारे विरजण न्यू जर्सीतील एडिसनहून किंवा तुमच्या जवळच्या गावाहून पुरेसे भरून न्यावे. शिकागोचा परिसर सोडल्यावर सॉल्ट लेक सिटीपर्यंत भारतीय वाणसामान वाटेत सहज मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रतिसाद : वीजतंत्री (टेक्सास)

स्वयंपाकाचा विषय निघालाच आहे, तर विजेचे आणि टाक्यांचे गणित मांडतो. भाड्याच्या बहुतेक क्लास सी गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टने गुणल्यास ती ३,६०० वॉट होते, आणि एवढ्यातच सर्व भागवावे लागते. छतावरचा वातानुकूलक चालताना सुमारे १३ ते १५ अँपिअर ओढतो, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढीच, आणि इंडक्शनची शेगडी पूर्ण क्षमतेवर १५ अँपिअर. दोन एका वेळी चालतील, तिसरे लावताच खटका पडेल. घरच्या सवयीने इन्स्टंट पॉट, केटल आणि वातानुकूलक एकदम लावले जातात आणि मग लोक कॅम्पग्राउंडला दोष देतात. ५० अँपिअरची जोडणी ही ३० च्या दुपटीहून कमी असावी असे वाटते, पण तिच्यात १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र तारा असतात, त्यामुळे ती १२,००० वॉट देते. कॅम्पग्राउंडच्या खांबाला गाडी जोडण्यापूर्वी मध्ये व्होल्टेज तपासणारे संरक्षक यंत्र लावावे. उन्हाळ्यातील गर्दीच्या दुपारी सर्वांचे वातानुकूलक चालू असताना व्होल्टेज घसरते आणि त्यात कॉम्प्रेसर खराब होतो. पाण्याच्या नळालाही दाब कमी करणारी जोडणी लावावी, आणि पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी वेगळी ठेवावी.

आता टाक्या. स्वच्छ पाण्याची एक, भांडी आणि अंघोळीच्या पाण्याची ग्रे टँक, आणि शौचालयाची ब्लॅक टँक. स्टेट पार्कच्या जागेवर बहुधा वीज आणि कधी पाणी असते, सांडपाण्याची जोडणी क्वचितच. त्यामुळे आपल्या पद्धतीच्या स्वयंपाकात सर्वांत आधी भरते ती ग्रे टँक. भांडी आधी कागदाने पुसून काढावीत, तेल आणि आमटीचा साका मोरीत ओतू नये, आणि अंघोळ पार्कच्या स्नानगृहात करावी. ब्लॅक टँकची झडप, सांडपाण्याची जोडणी असली तरी, बंदच ठेवावी. उघडी ठेवल्यास पाणी वाहून जाते आणि घन भाग तळाशी साचून घट्ट होतो. टाकी बऱ्यापैकी भरल्यावर आधी ब्लॅक आणि मग ग्रे सोडावी, म्हणजे ग्रेच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घालावेत. काम पाच-दहा मिनिटांचे आहे आणि त्याला घाबरून आरव्हीचा बेत रद्द करण्याचे काही कारण नाही.

प्रतिसाद : सरळहिशोब (इलिनॉय)

वरील सर्व माहिती प्रामाणिक आहे, पण खर्चाची बाजूही मांडली जावी. भाड्याच्या आरव्हीला दिवसाचे भाडे, प्रत्येक मैलाचे वेगळे पैसे, जनरेटरच्या तासांचे वेगळे पैसे, विमा, आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडल्यास त्याचे मोठे शुल्क असते. क्लास सी गाडी एका गॅलनमध्ये आठ ते दहा मैल जाते. तीन हजार मैलांना, नऊचा हिशोब धरला, तर सुमारे ३३३ गॅलन पेट्रोल लागते. साधी मोटार तेवढ्यात सहज तिप्पट अंतर कापेल. अनेक स्टेट पार्कमध्ये लाकडी केबिनही भाड्याने मिळतात. मोटार आणि केबिन हा मेळ चौकोनी कुटुंबाला स्वस्त पडतो, हे लक्षात घ्यावे.

प्रतिसाद : पूर्वकिनारा (धागाकर्ता)

सरळहिशोब, आपले म्हणणे योग्य आहे आणि चौघांच्या कुटुंबासाठी मी त्याला विरोध करणार नाही. केवळ पैसे वाचवण्यासाठी आरव्ही घेऊ नये. परंतु सहाजण, त्यांत दोन ज्येष्ठ आणि दोन लहान मुले असतील, तर हिशोब बदलतो, कारण मग दोन खोल्या आणि रोजचे बाहेरचे जेवण यांचा खर्च त्यात धरावा लागतो. त्यापलीकडे, रोज सामान बांधणे-सोडणे टळते आणि आजी-आजोबा दुपारी आपल्या पलंगावर पडू शकतात, याला मी पैशांपेक्षा अधिक मोल देतो. आरव्ही जेवढी उभी राहते तेवढी ती परवडते. म्हणूनच कमी मैल आणि अधिक मुक्काम यांवर माझा भर आहे.

प्रतिसाद : घाटमाथा (कोलोरॅडो)

साउथ डकोटाच्या पुढचा भाग लिहितो, कारण तेथून डोंगर सुरू होतात.

वायोमिंगमधील बिगहॉर्न पर्वत ओलांडण्यासाठी तीन रस्ते आहेत. त्यांपैकी यूएस १४ए वरचा उतार दहा टक्क्यांपर्यंत जातो आणि तो आरव्हीसाठी टाळावा. यूएस १६ तुलनेने सौम्य आहे. त्यावरील पावडर रिव्हर खिंड ९,६६६ फुटांवर आहे. उतरताना टो-हॉलचा खटका (जड वजनासाठी गिअरची रीत बदलणारे बटण) दाबून खालच्या गिअरमध्ये यावे आणि गाडी इंजिनाच्या जोरावर रोखावी. ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास ते तापून निकामी होतात. आपल्याकडे खंबाटकी किंवा वरंधा घाटात गाडी चालवलेल्यांना हे नवे नाही, पण पाच-सहा टन वजनाची गाडी त्याहून वेगळी वागते. मागे वाहनांची रांग लागली की पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यावे.

जे इंटरस्टेट ८० ने वायोमिंग ओलांडतील त्यांनी वाऱ्याचा अंदाज रोज पाहावा. उंच आणि हलक्या वाहनांसाठी तो रस्ता वाऱ्यामुळे अनेकदा बंद केला जातो, आणि लॅरमीजवळचा त्याचा माथा ८,६४० फुटांवर आहे.

कोडीजवळचे बफेलो बिल स्टेट पार्क यलोस्टोनच्या पूर्व दारापूर्वीचा चांगला थांबा आहे. पुढे युटात ग्रेट सॉल्ट लेकमधील अँटिलोप आयलंडवर राहता येते, मात्र वसंतात तेथे चावऱ्या चिलटांचा उपद्रव असह्य असतो. मोआबकडे वळणार असाल तर डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क चुकवू नये : कोलोरॅडो नदीचे वळण दोन हजार फूट खाली दिसते, आणि रात्रीचे आकाश इतके गडद असते की आकाशगंगा पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. तेथे पाणी ट्रकने वर आणावे लागते, म्हणून आरव्हीच्या टाक्या मोआबमध्येच भरून घ्याव्यात. कॅलिफोर्नियात शिरल्यावर मात्र अपेक्षा बदलाव्यात. तेथील बहुतेक स्टेट पार्कमध्ये विजेची जोडणी नसते. डॉनर खिंडीजवळचे डॉनर मेमोरिअलही त्याला अपवाद नाही.

प्रतिसाद : शिवारवाट (मिशिगन)

एक गोष्ट राहिली. जळाऊ लाकूड घरून नेऊ नये आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यातही नेऊ नये. अ‍ॅश वृक्ष पोखरणारा हिरवा भुंगा २००२ साली आमच्या डेट्रॉइटजवळ सापडला, आणि लाकडाबरोबर प्रवास करत त्याने पुढे कोट्यवधी झाडे मारली. पार्कच्या दारातच लाकडाची मोळी मिळते. ती घ्यावी आणि तेथेच संपवावी.

प्रतिसाद : तुळशीकट्टा (कनेक्टिकट)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना हे सर्व प्रतिसाद दूरध्वनीवर वाचून दाखवले आणि त्यांनी भाजणी दळून आणण्याचे ठरवले आहे. शेवटचा प्रश्न : त्यांचे येणे ऑगस्टमध्ये आहे. कोणता काळ निवडावा?

प्रतिसाद : पूर्वकिनारा (धागाकर्ता)

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे असतो, त्यानंतर निघावे. शाळा सुरू झाल्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी जागा मिळतात, मैदानातील उकाडा उतरलेला असतो आणि अस्पेन वृक्षांची पाने पिवळी होऊ लागतात. मुले बरोबर असतील तर शाळेचा प्रश्न तुम्हाला सोडवावा लागेल. कस्टरमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी बायसनांचा कळप घोडेस्वार हाकून आणतात आणि त्या दिवशी हजारो लोक जमतात. तो सोहळा पाहायचा असेल तर जागा आत्ताच शोधायला घ्या, नसेल तर त्याच्या दोन आठवडे आधी तेथून पुढे निघालेले बरे. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडील उद्याने पाइप गोठू नयेत म्हणून नळ बंद करू लागतात, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत युटा गाठण्याच्या बेताने आखणी करा. तुमच्या तारखा ठरल्या की येथे लिहा, मुक्कामांची यादी आपण मिळून तपासू.